शाळेच्या पायथ्याशी

"काय रे गोपाळ, भाताचा पोता खंय नेतंस?"

खोत वर शाळेच्या ओसरीवर उभे राहून विचारत होते. ते शाळा समितीचे अध्यक्ष. शिपाई गोपाळकाकांनी मला काखेत धरलं होतं. माझा परकर गुडघ्याच्या वर सरकला होता आणि तो खाली ओढायला हात मोकळा नव्हता. सगळी शाळा हसली. हेडमास्तरही हसले.

मी सातवीत होते. वयात आलेली मुलगी.

लहानपणीच्या तापात माझे दोन्ही पाय लुळे पडले. आमचं गाव शिरोड्याजवळ. जुनी शाळा देवळाच्या पडवीत भरायची, जमिनीलगत. तिथे मी हातांवर सरकत आत जायचे. कुणाचे उपकार नव्हते. मग चिऱ्यांची नवी इमारत झाली. जोतं माणसाएवढं उंच. गावाला अभिमान. मला भिंत.

त्या दिवशी घरी येऊन रडले. आई सुंभ वळत होती. हातातलं टाकून तशीच खोतांकडे गेली. मी हातांवर सरकत मागून गेले आणि त्यांच्या अंगणाबाहेर बसून ऐकलं.

"बाजूक मातयेचो उतार आमीच घालतंव. तुमी फक्त व्हय म्हणा."

"एका पांगळ्या चेडवासाठी शाळेचा रूप घालवू? आनी शिकान ता करतला काय?"

परतताना आई मान खाली घालून म्हणाली, "उचलतत तर उचलांदेत गो. शिकाक तरी मेळता."

आईचा राग आला. मग तिला तसं बोलायला लावणाऱ्यांचा आला. तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी गोपाळकाका वाकले. मी म्हटलं, "काका, माका हात लावू नकात."

ते गोंधळले. वाईट माणूस नव्हते ते. पण अंग माझं होतं.

हातांवरच पायऱ्या चढू लागले. हेडमास्तर धावत आले. "असं सरपटत येऊ नकोस. बरं दिसत नाही."

"मग उतार घाला."

"वर यायचं तर उचलून. नाहीतर घरी जा."

घरी गेले नाही. पायथ्याशीच बसले. रोज. येणाऱ्याजाणाऱ्याला मला वळसा घालावा लागे. खिडकीतून येईल तेवढं ऐकायचे. फळा दिसायचा नाही.

मग शाळा तपासायला साहेब आले. मला मागच्या बाजूला नेऊन बसवायचं ठरलं होतं. मी पायरी घट्ट धरून बसले. साहेब थांबले.

"ही खाली का?"

"साहेब, माझा वर्ग वर आहे. मला वर जायला वाट नाही."

खोत हसून म्हणाले, "वाट आहे की! शिपाई उचलून नेतो. हीच नको म्हणते."

साहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. तोंडाकडे नाही. "पुढच्या वर्षी पाहू," म्हणाले आणि चढून गेले. वर त्यांच्यासाठी शहाळी फोडली होती.

त्या संध्याकाळी आईनं कुदळ काढली. परसातली माती खणून टोपलीत भरली आणि शाळेच्या जोत्याला नेऊन ओतली. मी हातांनी थापली.

सकाळी खोतांच्या गड्यांनी ती ओढून टाकली.

आम्ही पुन्हा ओतली. त्यांनी पुन्हा ओढली. गावातलं कुणी मदतीला आलं नाही. आईची खोतांकडची मजुरीची कामं बंद झाली. ती म्हणाली नाही, थांब. मीही म्हटलं नाही.

शाळा माझीही आहे. मी आत जाईन. स्वतः जाईन. आणि ते जितकी माती ओढतील, तितकी मी परत घालीन.