बारवेची घरं, आडाची घरं

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भीमसेन मास्तर गावकुसाबाहेरच्या आडाचं तोंड सुतळीनं मोजत होते. साडेचार हात. आत उतरायला पायरी नाही. वरूनच दोर सोडून पाणी शेंदायचं. साल १९३८, महिना चैत्र, गाव चिटगुप्प्यापासून तीन कोसांवर. हैदराबादेत आरोग्य खात्याला गावोगावचं पाणी आणि आजार यांची पाहणी हवी होती. लिहिता येणारा माणूस म्हणून ती शाळामास्तरांच्या गळ्यात पडली. पाटलाच्या सहीचे कागद उद्याच्या डाकेनं गेले नाहीत, तर विहीर दुरुस्तीच्या यादीत गाव येणार नव्हतं.

पहिल्या फेरीत मास्तरांची फजितीच झाली. छापील प्रश्न होता, घरात कोणी आजारी आहे का? गावातल्या एक्क्याण्णव घरांनी सांगितलं, न्हाई. चौथ्या दिवशी राजूबाई घागर घेऊन लंगडत चाललेली दिसली. पोटरीतून निघालेला पांढरा, दोऱ्यासारखा किडा तिनं काडीला गुंडाळून चिंधीनं बांधला होता.

"अक्का, परवा तर न्हाई म्हणालात."

"आजारी कुठं हाय मी? नारू हाय ह्यो. दर उन्हाळ्यात येतोय आन जातोय. तुम्ही बी काय इचारायलाव मास्तर."

मास्तरांनी सगळे कागद फाडले. पुन्हा एक्क्याण्णव उंबरे, नवा प्रश्न: यंदा नारू किती जणांना? आता उत्तरं धडाधड आली. काहींनी शेजाऱ्यांचेही पाय मोजून दिले. सत्तेचाळीस घरं. नकाशावर सत्तेचाळीस लाल ठिपके.

उरली ही बाहेरची वस्ती. "रोग हुडकायचाय तर तिकडं जावा," असं पाटील भगवानरावांनी बजावलंच होतं. गावच्या पायऱ्यांच्या बारवेला या लोकांनी हात लावायचा नाही, म्हणून त्यांनी आपला आड खणला होता.

"नारू?" आडावर पाणी शेंदणाऱ्या गंगम्मानं पोहरा वर ओढत म्हटलं, "त्यो बी आम्हाला शिवत न्हाई, मास्तर."

एकवीस घरं फिरून झाली, तरी एकही ठिपका पडला नाही. मास्तरांनी विश्वास बसेना म्हणून परत फेरी मारली. तरीही एक नाही. लाल ठिपक्यांची घरं तपासली, तर सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस बारवेचं पाणी पिणारी. तिथं बायका घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागर बुडवत, आणि नारूचे पाय त्याच पिण्याच्या पाण्यात. मास्तर पाटलांच्या ओसरीवर पोचले ते जवळजवळ पळतच.

भगवानरावांनी नकाशा दूर धरून पाहिला. "म्हंजे रोग आमच्यात आन त्यांच्यात न्हाई? आन ह्याच्यावर मी सही करू? कामून?"

"ते पाण्यात उतरत न्हाईत, पाटील. बारवेच्या पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायचा. खातं करून देतंय."

"कचेरीत हसतील की मला."

"शेजारच्या मन्नाएखेळ्ळीचे कागद परवाच गेले. यादीत त्यांचं गाव लागंल, आपलं न्हाई."

पाटलांनी नकाशा खाली ठेवला. मग त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. खाली चिंधी होती, चिंधीत काडी.

"अठ्ठेचाळीस करा. आमच्या घरात कुणी सांगितलं नसंल तुम्हाला."

मास्तरांनी एक ठिपका वाढवला. पाटलांनी मोडीत सही ठोकली.

चिटगुप्प्याची डाक उद्या साडेसातला निघते. बारवेवर पाणी भरणं त्याआधीच, पहाटे पाचला सुरू होईल, रोजच्यासारखं पायऱ्या उतरूनच.