कोऱ्या पावत्यांवरच्या सह्या

शाळेतल्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, फीच्या पावत्यांवर सह्या करण्याचा भारी कंटाळा. कारकून भाऊसाहेब एकेक पावती घेऊन आत येत आणि बाईंच्या हातातल्या कामाचा धागा तुटे. तोडगा बाईंनीच काढला : आठवड्याभराच्या कोऱ्या पावत्यांवर एकदम सह्या.

"बाई, हे बरं नव्हे," भाऊसाहेब तेव्हा म्हणाले होते.

"तुमच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?"

या प्रश्नाला उत्तर असू शकतं, हे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते उत्तर शिवणकाम करून मुलीला शिकवणाऱ्या एका आईने आणलं. थकबाकीदारांत मुलीचं नाव बघून ती पावती नाचवतच आत आली.

"फी भरलीय मी! ही तुमचीच सही ना? पावतीवरच्या तारखेला तर तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. माझी नणंद आहे त्या दवाखान्यात आया. खाटेवर पडल्या पडल्या सह्या करता होय? धन्य आहे बाई तुमची!"

हे ती मनापासून म्हणाली, म्हणून जास्त लागलं. शोध घेतला तेव्हा अशा आणखी पावत्या निघाल्या. त्यांचे पैसे बँकेपर्यंत पोचलेच नव्हते.

चौथ्या दिवशी संस्थेचे खजिनदार आले. ते बाईंचे मावसभाऊ. त्यांनी खुर्चीत टेकायच्या आधीच निकाल लावला.

"ताई, सही तुझी नाहीच. तू दवाखान्यात होतीस. त्या भाऊसाहेबानेच गिरवली. मी तसं लिहितो."

"मग त्यांचं काय?"

"नुसते पैसे खाल्ले असते, तर भरून, राजीनामा देऊन सुटला असता. खोटी सही म्हटल्यावर पोलीस. तू निवृत्तीला टेकलीस, तू आपली पेन्शन सांभाळ."

खजिनदारांचं पेन चालत राहिलं. कागदावरचं प्रत्येक अक्षर बाईंना उलटं दिसत होतं, पण वाचता येत होतं. उलटं वाचण्याचा सराव त्यांना पोरांच्या चिठ्ठ्या पकडून झाला होता.

भाऊसाहेबांना आत बोलावलं. चारच दिवसांत माणूस पार उतरला होता.

"सही कोणाची?" खजिनदारांनी दरडावलं.

भाऊसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई म्हणतील त्यांची."

त्यांनी आरडाओरडा केला असता, तर बाईंना गप्प राहणं सोपं गेलं असतं. चोरानेही इतकी अदब राखावी म्हणजे कमालच झाली.

"माझी," बाई म्हणाल्या.

"ताई, डोळ्यावर पट्टी होती तुझ्या!"

"पट्टी नंतरची. सह्या आधीच्या. कोऱ्या पावत्यांवर मीच करून ठेवल्या होत्या. हे नको म्हणून यांनी सांगितलंही होतं."

"आता तुझीही चौकशी होणार, कळतंय ना? पेन्शन अडकेल."

"कळतंय. तो कागद फाड आणि नव्याने लिही."

"बाई, पैसे मी घेतलेत हो," भाऊसाहेबांनी मान वर केली. "तुम्ही कशाला..."

"तुमचं तुम्ही सांगा. माझं मला सांगू द्या."

खरं बोललं की मन हलकं होतं, असं बाई परिपाठाला मुलांना वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. त्या हलकं वाटायची वाट बघत बसल्या. खजिनदारांनी नवा कागद घेतला आणि पहिल्यांदाच 'ताई'ऐवजी "मुख्याध्यापिका, पूर्ण नाव?" असं विचारलं.