मांडीकडे लक्ष ठेव

माझी लेक पोटापाण्यासाठी माणसाची बाहुली करते. कंप्युटरवर. एखाद्याचे स्कॅन घ्यायचे, चरबी पिवळी, स्नायू लाल, हाड पांढरं असं एकेक रंगवायचं. मग त्या बाहुलीला एमआरआयच्या नळीत घातलं, तर लहरींनी अंग कुठे किती तापेल ते गणितानं काढायचं. कुणी विचारलं की मी सांगते, ती कंप्युटरवर आहे. जास्त सांगायला गेलं की लोकांना घरची कामं आठवतात.

माझी कंबर धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, एमआरआय झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. एमआरआयवाले म्हणाले, मांडीत जुना रॉड आहे, तो तापला तर जबाबदार कोण? दोघांच्या भांडणात मी खाटेवर. लेक म्हणाली, "आई, सीटी स्कॅन चालतो तुला, त्यावरून मी तुझीच बाहुली करते. रॉड किती तापतो ते काढून देते त्यांना."

झालं. आठवड्यांमागून आठवडे गेले. मी इकडे कण्हतेय आणि ही पलीकडच्या खोलीत माझी मांडी रंगवतेय. "पाणी दे गं" म्हटलं की, "थांब, हाड संपत आलंय." वीट आला होता मला. अगं, खरी आई इथे पडलीय, तिला कूस बदलता येत नाही.

शेवटी गणित सुटलं. रॉड तापत नाही. दवाखान्यानं ते तपासलं आणि होकार दिला. आत जाताना लेकीनं पुन्हा पुन्हा बजावलं, "मांडीत गरम लागलं तर घंटी दाब. मांडीकडे लक्ष ठेव."

टेक्निशियननं माझे हात बाजूला ठेवले, हलू नका म्हणाला. पण आत यंत्राची ठोकाठोक सुरू झाली आणि हात आपोआप पोटावर गेले. भीती वाटली की मी अशीच झोपते, बोटं बोटांना टेकवून. थोड्या वेळानं बोटांना चटके बसायला लागले. मी आपली मांडीकडे लक्ष ठेवून. मांडी गार होती. म्हटलं, म्हणजे ठीकच चाललंय. अगदी सोसेना तेव्हा हात झटकले आणि घंटी चाचपून दाबली.

बाहेर काढलं तर बोटांच्या टोकांना फोड. फोटो हललेले. एमआरआय पुन्हा करायचा, तोवर ऑपरेशन नाही.

"हात टेकले की अंगातून वीज गोल फिरते, आई," घरी आल्यावर लेक म्हणाली. "टेकल्या जागी भाजतं. मला माहीत होतं गं. पण माझ्या बाहुलीचे हात नेहमी सुटेच असतात." ती रडत होती. मला राग आला होता आणि तो गिळायची माझी तयारी नव्हती.

"माझी चरबी मोजलीस, हाडं मोजलीस. आई झोपते कशी, ते नाही ठाऊक तुला? माझ्या शेजारी झोपून मोठी झालीस ना? दिव्याखाली अंधार तो हाच."

ती उठून आत गेली. मला वाटलं, बसली पुन्हा कंप्युटरपुढे. पण न मागता पाणी घेऊन आली. मी हात पुढे केला, तर पट्ट्या बांधलेल्या बोटांना पेला धरता येईना.