शेठचा एलची

"माजी, तमारो दीकरो तो बहु मीठो छे, हें ने?"

केतनभाईनं माझ्या आईला विचारलं. केतनभाई म्हणजे शेठचा पुतण्या. शनिवारी सकाळी, सुरतेत रिंग रोडच्या मार्केटमधल्या आमच्या ऑफिसात, चाळीस माणसांसमोर. माझ्या गळ्यात हार होता आणि हातात घारीचा, त्या सुरती मिठाईचा, डबा. पाठवणीचा समारंभ होता तो, माझ्या पाठवणीचा. आई नवं पातळ नेसून पहिल्यांदाच ऑफिसात आली होती. एसीच्या गारव्यात पदर घट्ट लपेटून खुर्चीच्या टोकावर टेकली होती.

आई खुलली. शेठच्या घरचा माणूस आपल्या पोराचं कौतुक करतोय!

"हां ना भाऊ," ती म्हणाली, "धाकलपनपासून मीठाच शे मना पोऱ्या."

हशा फुटला. हिशेबनीस टेबलावर हात आपटून हसला. माल बांधणारे भिंतीला टेकून हसले. बायका तोंड फिरवून हसल्या. आपण काहीतरी छान बोललो असं वाटून आईही हसली, तोंडावर हात धरून, लाजून.

सुरतेत, बाजारात, कारखान्यात, 'मीठा' म्हणजे काय ते शेंबडं पोरही सांगेल. पुरुष असून पुरुषावर जीव टाकणारा. हलक्या आवाजात, डोळा मारून म्हणतात. पंचवीस वर्षं सुरतेच्या उधन्यात राहून आईला तेवढं ठाऊक नव्हतं. तिला मीठा म्हणजे गोड, एवढंच माहीत. मला कोणी आईवरून शिवी दिली असती तर मी ती गिळली असती, आजवर कितीतरी गिळल्या. पण त्यांनी माझी शिवी माझ्या आईच्या तोंडून वदवून घेतली. घारीचा डबा केतनच्या थोबाडावर हाणावा असं वाटलं. हाणला नाही. सगळ्यांना घारी वाटली, त्यालाही. ती लाज अजून माझ्या अंगावर आहे.

आता हे कसं सुरू झालं ते सांगतो.

आम्ही शिरपूरकडचे. वडील उधन्यात माग चालवायचे. मागाच्या खटखटाटानं आधी त्यांचे कान गेले, मग ते गेले. आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते, गोंदानं. मी बी.कॉम. करून शेठकडे लागलो. शेठचा माल काळा. आखाती देशांतल्या बायका अंगभर घालतात तो बुरख्याचा कपडा. तिकडच्या गिऱ्हाईकांशी बोलायला माणूस नव्हता. मी तापीपलीकडे राँदेरला एका म्हाताऱ्या हाजीचाचांकडे रोज संध्याकाळी जाऊन अरबी शिकलो. शेठनं सांगितलं नव्हतं. मीच शिकलो. नऊ वर्षं त्या गिऱ्हाईकांशी मी बोलतोय. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाच्या आईचं ऑपरेशन, सगळं मला ठाऊक.

शेठ मला लाडानं म्हणायचे, "आ तो आपणो एलची." गुजरातीत एलची म्हणजे राजदूत आणि वेलचीसुद्धा. मीही हसायचो. मग शेठनं तिकडच्याच एका देशात ऑफिस काढायचं ठरवलं. तिथे फर्मचा प्रतिनिधी म्हणून कोण बसणार? मीच. दुसऱ्या कुणाचं नाव निघणंच शक्य नव्हतं. व्हिसा झाला, तिकीट झालं. उधन्याच्या दोन खोल्यांतून मी निघणार होतो, स्वतःच्या कष्टानं. मला ते हवं होतं. फार हवं होतं.

समारंभाच्या आठवडाभर आधीची दुपार. आम्ही डबे उघडले होते, समोर टीव्ही चालू. कुठल्याशा एका देशानं आपला राजदूत नेमला होता. पुरुषासोबत संसार करणारा, आणि ते उघड सांगणारा. त्याला पाठवत होते धर्म कडक पाळणाऱ्या एका देशात. टीव्हीवर सहाजण त्यावर कोंबड्यांसारखे झुंजत होते. एक म्हणे हा त्या देशाच्या धर्माचा अपमान. दुसरा म्हणे बिचाऱ्याच्या जिवाला धोका, त्याच्याच भल्यासाठी त्याला पाठवू नका. तिसरा म्हणे आधी देशाचं काम, बाकीचं घरात ठेवा. तो राजदूत कुठली भाषा बोलतो, काम कसं करतो, एकानंही विचारलं नाही.

आमचा हिशेबनीस पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "ऐसे आदमी से हाथ कौन मिलाएगा?"

माझ्या तोंडून निघून गेलं.

"आप मिलाते हो. नौ साल से."

टीव्ही सोडून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डबा खात राहिलो. भाजी कसली होती ते आठवत नाही. आतून एकदम मोकळं वाटलं. वयाची पस्तिशी गाठेपर्यंत जे कधी उच्चारलं नव्हतं, ते सहा शब्दांत बोलून झालं होतं.

त्या दिवसापासून हिशेबनीस मला लांबून नमस्कार करू लागला. बेसिनजवळचा माझा पेला कोणी उचलेना. केतननं मला नवं नाव ठेवलं, तेच, मीठा. शेठपर्यंत मात्र काही गेलं नव्हतं. शनिवारी आईच्या बोलण्यावरचा हशा शेठच्या केबिनपर्यंत गेला, आणि शेठनं विचारलं, शुं थयुं, काय झालं? कोणीतरी सांगितलं.

सोमवारी मला आत बोलावलं. शेठ वाईट बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. चहा मागवला. पंखा माझ्याकडे वळवला.

"बेटा, आपणने कोई वांधो नथी. पण त्यांना लोको धरमवाळा. एमने वांधो आवे."

आपल्याला काही वांधा नाही. तिकडचे लोक धर्म पाळणारे, त्यांना आहे. मग टीव्हीवरचं सगळं पुन्हा ऐकलं, शेठच्या तोंडून. तुझ्याच भल्यासाठी. तुझ्या जिवाला धोका. फर्मच्या नावाला बट्टा. केतन जाईल. तू इथून फोनवर बसायचं, तो तिकडे समोर बसेल आणि तू इथून बोलशील. त्याला आठ दिवसांत जेवढं शिकवता येईल तेवढं अरबी शिकव. आणि या कागदावर सही कर.

कागदावर टाइप केलेलं होतं. घरगुती कारणास्तव मी स्वखुशीनं माघार घेत आहे. खाली आणखी एक ओळ होती. कार्यालयात मी स्वतःविषयी जे बोललो ती केवळ मस्करी होती.

पहिल्या ओळीवर मी कदाचित सही केली असती. खरं सांगतो, केली असती. आम्हाला सवय असते. वडिलांनी जन्मभर वाट्टेल त्या कागदावर अंगठा दिला. पण ती दुसरी ओळ! मस्करी तर त्यांनी केली होती, माझ्या आईची. माझं बोलणं हीच तर आयुष्यातली एकमेव गोष्ट होती जी मी मस्करी न करता बोललो होतो.

"शेठ, तिकडच्या कोणाला विचारलंत?" मी म्हटलं. "एकाला तरी?"

शेठनं पेन पुढे सरकवलं. कागद तसाच ठेवून मी उठलो.

दुपारी केतननं गोडाऊनमध्ये बोलावलं. माल मोजायचाय म्हणाला. तिथे काळ्या कापडाचे ताके छतापर्यंत रचलेले असतात, आवाज बाहेर जात नाही. तो होता आणि त्याचे दोन मित्र. शटर अर्धं ओढलं. केतनच्या एका हातात तो कागद होता आणि दुसऱ्या हातात गज. कापड मोजायचा लोखंडी गज, मीटरभर लांब, बाजारात प्रत्येक दुकानात असतो.

"सही."

"नाही."

पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा मांडीवर. दोघांनी मला ताक्यांवर दाबून धरलं. केतन मारत होता आणि प्रत्येक फटक्याला एकच वाक्य म्हणत होता, मंत्रासारखं.

"त्यां जईश तो मारी नाखशे तने! मारी नाखशे! समज पडे छे?"

तिकडे गेलास तर मारून टाकतील तुला. हे तो मला गजानं मारत सांगत होता. मला हसू फुटलं. खरंच फुटलं, चावल्या गेलेल्या जिभेचं रक्त तोंडात असताना. ज्या देशात मी अजून पायही ठेवला नव्हता तिथल्या माराची भीती मला सुरतेत, ओळखीच्या गोडाऊनमध्ये, ओळखीचा माणूस मारून दाखवत होता. हसलो म्हणून तो पिसाळला. मी उजवा हात आडवा घातला, मनगटावर गज बसला आणि आत काहीतरी तुटलेलं मला ऐकू आलं.

मग त्यानं माझ्या तोंडावर हात दाबला. मी त्याचा अंगठा दातांत धरला. जीव खाऊन धरला. तो गुरासारखा ओरडला. मित्र माझ्या बरगड्यांत लाथा घालत होते, पण मी सोडला नाही. आयुष्यभर जे जे गिळलं होतं ते सगळं त्या अंगठ्यात उतरलं होतं. दात हाडाला लागले तेव्हा सोडलं. शटरखालून रांगत बाहेर आलो. कागद सहीविनाच राहिला. त्याला चावल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. घरी पोचलो तेव्हा आई दारात उजेडाला बसून साडीवर टिकल्या चिकटवत होती. पडलो म्हणून सांगता आलं असतं. पण मला आता एकही खोटी ओळ नको होती. मी तिच्यासमोर बसलो आणि तिला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. सुरतेत मीठा म्हणजे काय. शनिवारी ते का हसले. आणि ते बोलले ते खरं आहे.

"हाई खरं शे?"

"हां."

तिनं मला थोबाडीत मारली. गोंदानं चिकट झालेल्या हातानं, एकदा आणि परत एकदा. दोन टिकल्या माझ्या गालाला चिकटून राहिल्या.

"तू माले पहिले का बरं नही सांगं? मी त्यासनासंगे हासनू! तुन्हावर हासनू मी!"

मग तिनं साडी पुढ्यात ओढली आणि कामाला लागली. टिकल्या वाकड्या बसत होत्या, तरी ती चिकटवत राहिली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. ती कशावर रागावलीय, मी जो आहे त्यावर की तिला हसायला लावलं त्यावर, मला कळत नाही. मी विचारतही नाही.

गुरुवारी सकाळी शेठचा फोन. तिकडचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर येणार होतं, आणि केतनला 'कसे आहात'च्या पुढे अरबी येत नव्हतं. बस दस मिनिट आ जा, बेटा. माझं मनगट मोडल्याबद्दल एक अक्षर नाही. मी गेलो. का गेलो? कारण ती खुर्ची माझी होती.

केतन अंगठ्याला बँडेज बांधून कोपऱ्यात बसला होता. पडद्यावर ते गिऱ्हाईक आलं, पांढरा झगा, पिकलेली दाढी. माझा हात बघून तो माणूस दचकला. काय झालं, म्हणाला. आणि तू येतोयस ना? इथे हा दुसराच कोण येणार म्हणतात.

शेठ माझ्या कानाशी वाकले. "कहे दे, तबियत ठीक नथी."

नऊ वर्षं मी शेठचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं तिकडे पोचवलं होतं. याही वेळी पोचवलं. मी अरबीत म्हटलं, "शेठ म्हणतात, सांग की माझी तब्येत बरी नाही. माझी तब्येत बरी आहे. मी पुरुषांवर प्रेम करणारा माणूस आहे, म्हणून या कोपऱ्यात बसलेल्या माणसानं माझा हात मोडला. तुम्हाला वांधा येईल म्हणून मला पाठवत नाहीत. तुम्हाला वांधा आहे का?"

पलीकडे त्याचा चेहरा आवळला. त्याला ते आवडलं नव्हतं, स्पष्ट दिसत होतं. मान खाली घालून तो काहीतरी पुटपुटला, मला ऐकू आलं नाही. मग त्यानं मान वर केली.

"अल्ला तुझा हात बरा करो," तो म्हणाला. "माल कधी निघणार?"

मी शेठकडे वळलो आणि गुजरातीत शब्दाला शब्द सांगितलं. मी काय बोललो, तो काय बोलला, सगळं. शेठ पांढरेफटक पडले. केतन उठला, पण जवळ आला नाही. पडद्यावरचा माणूस उत्तराची वाट बघत होता. मी कानातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो.

तो माणूस माझा झाला असं नाही. उद्या मी समोर उभा राहिलो तर तो मला दारातूनच परत पाठवेल, कदाचित त्याहून वाईट करेल. त्याचा देश मला पकडेलही. मी काही भाबडा नाही. पण माझा हात त्यानं मोडला नाही.

तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो. लिहून घेणाऱ्या हवालदारानं विचारलं, भांडणाचं कारण काय? मी सांगितलं. त्यानं पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. घरगुती वाद लिहू का, म्हणाला, तुलाच पुढे सोपं जाईल. मी म्हटलं, नाही, मी बोललो तेच लिहा. त्यानं लिहिलं. मी ते दोनदा वाचलं आणि डाव्या हातानं सही केली. वेडीवाकडी आली.

आता शेठची माणसं उधन्यात फेऱ्या मारतात. तक्रार मागे घे, कामाचा चांगला दाखला देतो म्हणतात. आमच्याच गल्लीतले चारजण मला समजवायला येऊन गेले. मी तक्रार मागे घेणार नाही. केतनला कोर्टात उभा करणार, आणि तिथे कारण विचारलं की पुन्हा तेच सांगणार, मोठ्यानं. अरबी माझी आहे, पासपोर्ट माझा आहे. दुसऱ्या फर्मांकडे अर्ज केलेत, आणि मुलाखतीत पहिलं वाक्य हेच बोलतो. दोघांनी नाही म्हटलंय. तिसऱ्याकडे परवा जायचंय. त्या देशाला मी नको असेन तर त्या देशानं माझ्या तोंडावर सांगावं, मी ऐकून घेईन. पण त्याचं नाव पुढे करून सुरतेतल्या कोणी माझ्यावर पुन्हा हात उचलला, तर या वेळी मी अंगठ्यावर थांबणार नाही.