आमच्या ह्यांची धुराची वही

नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण तुम्हाला कळायला हवं म्हणून एकदाच घेते. नामा. आता पुन्हा विचारू नका. नागावच्या टोकाला बावीस घरांचा आमचा पाडा. ह्यांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला. ट्रक असा, की वळणावर तो दिसायच्या आधी त्याचा धूर दिसायचा. बाया दोरीवरचे कपडे ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आला गो धुराड्या!"

आणि हा माणूस पाड्याचा धूर बंद करायला निघाला. आता हसू की रडू, तुम्हीच सांगा.

झालं असं. ग्रामसभेत आमची सरपंच जागृती म्हणाली, घरोघरचा कार्बन कमी करायचाय. ज्या पाड्यातल्या सगळ्या घरांच्या लाकडाच्या चुली आणि अंगणातली पाणी तापवायची चुलाणी माघी गणपतीच्या आत बंद होतील, त्या पाड्याला उन्हावर पाणी तापवणारी मोठी टाकी. एक घर जरी राहिलं तरी टाकी नाही. हे ताडकन उठले. "कार्बन ना? जल्मभर इंजिनातला काढला, आता पाड्याचा काढतो." टाळ्या पडल्या. तिथेच घात झाला.

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी पाड्याच्या तोंडाशी बांबू आडवा टाकून नाका केला. आमची शेजारीण ठमी नारळाची सोडणं घेऊन येत होती. ह्यांनी शिट्टी मारली.

"गाडी बाजूला घे."

"भावजी, कसली गाडी? डोक्यावर टोपली हाय माज्या."

"मंग टोपली बाजूला घे. माल काय?"

"सोडणं हायत. पानी तापवाया."

"ओव्हरलोड," हे म्हणाले, आणि अर्धी सोडणं उतरवून घेतली. ठमीने ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो मी इथे लिहीत नाही. काही शब्द मलाही नवे होते.

मग आली पेंढ्याची पेटी. भाताला एक कढ आला की पातेलं गॅसवरून उतरवायचं, पेंढा भरलेल्या खोक्यात ठेवायचं, वर गोधडी. भात आपला आपण शिजतो. खोटं कशाला बोलू, शिजतो खरा. पण खोकी संपली तेव्हा ह्यांनी आमचं वरणाचं पातेलं नुसतंच गोधडीत गुंडाळून खाटेवर ठेवलं. नेमके त्याच दिवशी बोर्ली पंचतनहून आमच्या सुनेचे, रुचिताचे वडील आले. दमून आले होते बिचारे. गोधडी दिसली, टेकले. आणि असे उडाले, की टोपी आढ्याला लागायची बाकी राहिली. मी तोंडात पदर कोंबला. रुचिता "बाबा, बाबा" करत धावली. आणि हे? हे हात चोळत पुढे झाले. "व्याही, गरम लागलं ना? खरं सांगा. तीन तास झाले उतरवून!"

माफी नाही, काही नाही. वर त्यांना तेच वरण वाढलं.

पोपटीच्या दिवसांत तर कहर झाला. थंडीत वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्डीचा पाला असं सगळं मडक्यात भरायचं, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा, आणि पाड्याने गोल बसून खायचं. त्याला आम्ही पोपटी म्हणतो, आणि तिच्यासाठी आमची माणसं मुंबईहून रजा काढून येतात. हे म्हणाले, "जाळ न्हाय. पोपटी उन्हावर." जुन्या टीव्हीच्या डिशला चमकता कागद चिकटवला, मधे मडकं टांगलं. सकाळी आठला टांगलेलं मडकं साडेचारला उघडलं. शेंगा शेतात होत्या तेवढ्याच हिरव्या. अंडं फोडलं ते थेट ह्यांच्या धोतरावर. सगळा पाडा बघत होता. ह्यांनी एक कच्ची शेंग करकर चावली, डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणाले, "मस्त झालीय. जरा मीठ कमी हाय." त्या संध्याकाळी पाड्याने ठराव केला, की पोपटी एकेका घराची नसते, गावकीची असते, तेव्हा तिला माफी. ह्यांनी मुकाट्याने सही केली. भूक लागली होती ना!

असं करत करत एकवीस चुली बंद झाल्या. राहिली बाविसावी. कोणाची म्हणता? धूरबंदी प्रमुखांच्या घरातली. माझी.

नाहीच केली मी बंद! का करू? हे एकतीस वर्षं रस्त्यावर. कधी गुजरातेत, कधी मद्रासकडे. पोरगा अल्पेश तापाने फणफणला तेव्हा हे नव्हते, सासू गेली तेव्हा नव्हते. पहाटे उठून मी बोलायचे ती चुलीशी. शिव्या ह्यांना द्यायच्या त्या तिला दिल्या. आणि आता घरी बसल्यावर ह्यांनी सांगावं, ती विझव? म्हटलं, "आधी तुम्ही जा, मग चूल जाईल." पाड्यातल्या बाया नाक्यावर कुजबुजायच्या, की हिच्यापायी आपली टाकी जाणार. मी भाकरी आणखी जोरात थापायचे.

त्यात ह्यांची ती वही. ट्रकवर असताना गाडी कधी सुटली, कुठे थांबली, सगळं वहीत लिहायची सवय. आता रोज पहाटे ओट्यावर बसायचे, कानावर पेन, मांडीवर वही, आणि काहीतरी टिपायचे. सगळ्यांना वाटे, कोणाच्या कौलातून धूर निघतो ते लिहितात. ठमी तर पहाटे दूध तापवतानाही वाफ सुपाने खाली दाबायची.

माघी गणपतीच्या चार दिवस आधी सभा भरली. जागृती म्हणाली, "नामाकाका, वही वाचा. कोणाकडे धूर आहे अजून?"

ह्यांनी वही पाठीमागे लपवली.

"वाचा की!" ठमी उठली. "माजं नाव लिवलंय, म्हायती हाय मला!" आणि तिने वही हिसकावली. ठमी सातवी पास आहे, ते ती विसरू देत नाही. खणखणीत आवाजात वाचायला लागली.

"सोमवार, पाच चाळीस. अकरा वेळा. मंगळवार, चौदा. मधे थांबून पानी प्याली. बुधवार, नऊ. गुरुवार, सतरा, झावळ्या ओल्या व्हत्या..." ती थांबली. पानं उलटली. सगळीकडे तेच. "भावजी, ह्यात धूर कुठाय? काय ह्ये?"

ह्यांनी खाली बघूनच सांगितलं, "खोकते ती. चूल पेटवताना. गाडीवर होतो तवर मला म्हायतीच न्हवतं. घरी बसलो तवा पयल्यांदा ऐकलं."

सभेत कोणी खोकलंसुद्धा नाही. माझे कान असे तापले, की त्यावर भाकरी झाली असती. एकतीस वर्षांचा राग असतो हो बाईच्या पोटात, तो असा सगळ्यांसमोर कोणी काढून घेतला तर तिने करायचं काय?

"येवढंच व्हतं तर तोंडानं सांगायचं ना!" मी ओरडले.

"सांगितलं असतं तर आयकली असतीस?"

मी तोंड उघडायच्या आत सगळी सभा एका सुरात म्हणाली, "न्हाय!"

दुसऱ्या दिवशी मी चुलीतली राख काढून अळवाला घातली. चुलीला हळदकुंकू लावलं, थोडी रडले, थोड्या शिव्या दिल्या, आणि तिच्या जागी पेंढ्याची पेटी बसवली. टाकी आली. आता पाण्यासाठी रांग लागते, आणि पहिला नंबर कोणाचा? ठमीचा.

ह्यांची वही मात्र सुरूच. आठ. पाच. तीन. दोन. मग परवा एक पहाट अशी आली, की मी चहा ठेवला, पीठ मळलं, अर्ध्या भाकरी झाल्या, पण खोकला आलाच नाही. बाहेर डोकावले. हे ओट्यावर पेन धरून, कान टवकारून बसले होते. पान कोरं. माल उतरवून झाल्यावर रिकामी गाडी कुठे न्यावी हे न कळल्यासारखा चेहरा.

मी दारामागे उभी राहिले आणि एकदा जोरात खोकले.

ह्यांनी दचकून पेन टेकवलं. मग थांबले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कमळ, ह्यो खोटा व्हता."

"गप लिवा."

त्यांनी लिहिलं. मी वाकून वाचलं. "शनिवार. एक. खोटा."