नव्या संडासाचा पहिला मान

परवा घरच्या संडासाचं जुनं भांडं काढून नवं मी स्वतःच बसवलं. ओल्या पांढऱ्या सिमेंटचा वास आला आणि मी मनाने थेट पारोळ्याला, सासऱ्यांच्या परसात जाऊन पोचलो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझ्या भडगावच्या धाकट्या साडूने तिथे एकहाती संडास बांधला होता. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचे सिमेंटने उललेले हात दाखवत होते. मी जळगावहून नेलेला पेढ्यांचा पुडा कोनाड्यात तसाच पडलेला. माझा नुसता जळफळाट.

नारळ फुटला. "पयला मान मोठा जवाईना," सासरे म्हणाले.

आत गेलो. हे तुंबू दे, एवढंच मनात. बादली ओतली, तर पाणी एका दमात गेलं.

"कसं शे?" बाहेर येताच सासऱ्यांनी विचारलं.

"पाणी जरा थांबतं," मी म्हणालो.

साडूचा चेहरा उतरला. "परत बसवतो, भाऊ," म्हणत त्याने छिन्नी उचलली.

आज माझ्या भांड्यात पहिली बादली ओतली. पाणी खरंच थांबलं.

"भडगावला फोन करू का?" बायकोने दाराबाहेरून विचारलं.

"कशाला? मस्त जातंय," मी आतूनच म्हणालो.