खोकला कापला, त्या जागी

भूतपिशाच्च, अंगात येणं... असल्या गोष्टींवर मी जन्मभर हसलो. आमची इंदूरची मिल बंद झाली तेव्हा अर्धी चाळ खजराण्याच्या गणपतीला नवस बोलून आली. मी नाही गेलो. सातवी शिकलेला माणूस आहे, लिहिणं वेडंवाकडं होईल, पण खोटं नाही लिहीत.

माझी बायको शांता त्याच मिलमध्ये सूतखात्यात होती. मिल गेली, रुईच्या धुळीचा खोकला तिच्या छातीत राहिला. त्यातच ती गेली. तिचा आवाज एकाच जागी उरला — मुलीच्या, मंगलच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. मंगलने हौसेनं माईक समोर धरला होता. "अहो, या डब्याशी काय बोलू मी? तुम्हीच या इकडे." मग लांब खोकला. बस, एवढंच.

डिस्क खराब व्हायला लागली म्हणून जावई सुहासरावांनी ती अख्खी एका फाइलमध्ये उतरवून घेतली. तिला इमेज म्हणतात. त्यांच्या कॉम्प्युटरातल्या लिनक्सवर ती जोडली की आतलं सगळं दिसतं, बदलून परत बंद करता येतं.

मी म्हटलं, "त्यातला खोकला काढून टाका. ऐकवत नाही."

"राहू द्या ना बाबा," मंगल म्हणाली. "आईचाच आहे तो पण."

"त्यानंच खाल्लं तुझ्या आईला."

राजेंद्र नगरला त्यांच्या घरी, रविवारी दुपारी हे झालं. सुहासरावांनी इमेजची एक कॉपी तशीच ठेवली. दुसरीतला खोकला कापून तिथं नुसती शांतता भरली. इमेज बंद केली, पुन्हा उघडली, आवाज लावला.

"...तुम्हीच या इकडे." मग शांतता. आणि मग, छातीत काहीच नसल्यासारख्या साफ आवाजात — "नामदेव, चला."

नामदेव मी. लग्नातल्या उखाण्यानंतर शांतानं माझं नाव कधी घेतलं नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं ती पक्कं मानायची. रेशनच्या दुकानातसुद्धा नाव सांगायला मंगलला पुढे करायची.

सुहासरावांनी कीबोर्डवरचे हात उचलले. "कसम से बाबा, मी काही नाही केलं." ठेवलेली कॉपी लावली. तिच्यात खोकलाच आहे, नाव नाही. त्यांच्या ऑफिसातल्या मित्रानं सगळं उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाला, "समझ नहीं आ रहा भिया."

मंगल म्हणते, ती फाइल पुसा. आई काय मानायची ते तिला माहीत आहे. मी पुसू दिली नाही. ते नाव कुठून आलं, हे आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही...

दर रविवारी जातो, एकदा ऐकतो. ते "चला" ऐकताना चपला पायातच ठेवतो. मंगल आता चपला काढा म्हणत नाही.